आठच्या काट्यावरचा बाक

भाईदास नानांनी दुर्बिणीतून डोळा काढला, खिशातल्या फडक्यानं काच पुसली, पुन्हा डोळा लावला आणि पुन्हा काढला. मग आजूबाजूला उभ्या असलेल्या तिघांकडे त्यांनी असं पाहिलं, जणू यांच्यापैकीच कुणीतरी चोरी केलीय.

"वाकडी आहे," ते म्हणाले.

"काय वाकडं आहे, नाना?" हेमांगीनं विचारलं.

"रेषा! मधल्या टिंबाच्या जरा खाली, डाव्या अंगाला. घड्याळात आठ वाजतात ना, तिथं. एवढी परदेशी वस्तू, आणि साधी रेषा सरळ मारता येईना यांना! ओलं लुगडं टाकल्यावर दोरीला झोल पडतो तसा झोल पडलाय."

डिसेंबरचा दुसरा रविवार होता. धुळ्याबाहेरच्या जुन्या चांदमारीवर सकाळचं ऊन नुकतं चढत होतं, आणि नानांच्या नेमबाजी क्लबाची चार माणसं एका रायफलीभोवती उभी होती. नाना म्हणजे फौजेतले निवृत्त सुभेदार. अठ्ठावीस वर्षं नोकरी, त्यातली निम्मी जवानांना लांब पल्ल्याची नेमबाजी शिकवण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर देवपुरात घर बांधलं, परसात वांगी लावून बघितली, सहा महिन्यांत वांग्यांचा कंटाळा आला आणि रीतसर परवानग्या काढून त्यांनी हा क्लब सुरू केला. वय चौसष्ट, लांबचं बघायला चष्मा नाही. उजव्या डोळ्याकडे बोट दाखवून ते म्हणत, "हा डोळा सरकारी आहे. मी फक्त सांभाळतोय."

चांदमारीवर बोलणारा एकच असतो, हा त्यांचा नियम. त्यात चूक काहीच नव्हती. हातात बंदुका असलेल्या जागी दहा तोंडं चालली तर एखाद्याचा जीव जायचा. फक्त हा नियम फाटकाबाहेरही नानांच्या मागोमाग यायचा. चहा गोड आहे असं नाना म्हणाले की बिनसाखरेचा चहाही सगळ्यांना गोड लागायचा. हे सगळं प्रेमापोटी व्हायचं, बरं का. भीतीही होती, पण ती थोडी.

हेमांगी चाळीसगावच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. वय एकोणतीस. दर रविवारी पहाटेची धुळ्याची गाडी पकडून डबा घेऊन यायची. मागच्या वर्षी राज्याच्या संघात तिची निवड एका गोळीनं हुकली होती आणि यंदाची निवड मार्चमध्ये पुण्याला होती. सहाशे मीटरवर. तिच्या रायफलीवरची जुनी दुर्बीण कामातून गेली होती, म्हणून पुण्याच्या दुकानदारानं दोन नव्या दुर्बिणी वापरून बघायला पाठवल्या होत्या. दोघींची काच सारखीच. फरक होता तो रेटिकलचा, म्हणजे डोळा लावल्यावर चित्रावर उमटते त्या आखणीचा.

पहिलीत नुसती फुली होती. जाड रेषांची, मधे थोडी मोकळी जागा आणि त्या जागेत एक टिंब. दुसरीत बारीक रेषांचं अख्खं झाड होतं. मधल्या टिंबापासून खाली उतरत जाणाऱ्या आडव्या ओळी, वरची आखूड, खालची लांब, प्रत्येकीवर मोजमापाच्या खुणा. वाऱ्यानं गोळी किती सरकेल याचा अंदाज आला की झाडावर नेमकी खूण सापडते, त्या खुणेवर लक्ष्य धरायचं आणि घोडा ओढायचा. फुलीत तेच काम मोकळ्या हवेत अंदाजानं करावं लागतं.

नानांचा कौल फुलीला होता. "झाडावर माकडं बसतात, नेमबाज नाही," असं त्यांनी खोकं उघडायच्या आधीच जाहीर केलं होतं. पण हेमांगीनं एका शिबिरात झाड वापरलेलं, तिला ते आवडलेलं, म्हणून मुलीच्या हट्टाखातर नाना त्यातून बघायला तयार झाले. आणि बघतात तर रेषा वाकडी.

"बघ तूच," त्यांनी हेमांगीला खूण केली.

ती पोटावर आडवी झाली, डोळा लावून बराच वेळ पडून राहिली. मग हळूच म्हणाली, "हो नाना. थोडी आहे खरी."

क्लबाचे सेक्रेटरी ज्ञानेश्वरभाऊ, पारोळ्याला यांचं पंपांचं दुकान, ते गुडघे दुखत असूनही वाकले. "आहे, आहे. उजवीकडे स्पष्ट दिसतेय." नंतर नवल, कॉलेजातल्या प्रयोगशाळेत नोकरी करणारा पोरगा, तो तर डोळा लावताक्षणी ओरडला, "मला दोन वाकड्या दिसतात, नाना!"

नानांनी डावीकडे सांगितलं होतं, ज्ञानेश्वरभाऊंनी उजवीकडे, आणि नवलनं एकाच्या दोन केल्या होत्या. पण आपलं म्हणणं खरं ठरल्याच्या समाधानात हा फरक नानांच्या कानावरून गेला. त्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला आणि त्याला फौजी मराठीत काय सुनवायचं ते सुनवलं.

दुकानदार भला माणूस. त्यानं माल बदलून दिला, पण त्यात महिना गेला. संक्रांतीनंतर झाडाचीच दुसरी दुर्बीण आली. नानांनी डोळा लावला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तोच झोल होता, त्याच जागी, आणि आधीपेक्षा खोल.

"सर, दोन वेगवेगळ्या दुर्बिणी आणि बाक एकाच जागी?" दुकानदार फोनवर चाचरत म्हणाला.

"म्हणजे तुमचा साचाच बिघडलाय!" नाना गरजले.

या युक्तिवादावर सगळ्या क्लबानं माना डोलावल्या. पुन्हा सगळ्यांनी डोळे लावले, पुन्हा सगळ्यांना वाकडं दिसलं. हेमांगी फुलीवर सराव करत राहिली. वारा पडलेला असला की तिच्या गोळ्या वाटीएवढ्या जागेत बसत. वारा उठला की ताटभर पसरत. फेब्रुवारीत खानदेशात वारा काय पडून राहतो? नाना मागे उभे राहून सांगत, "दोन खुणा डावीकडे धर," आणि ती फुलीत नसलेल्या त्या खुणा मनानं कल्पून धरे. नानांना स्वतःला फुलीतलं मधलं टिंब हल्ली फिकट वाटत होतं. धूळ असेल म्हणून ते रोज काच पुसत.

फेब्रुवारीच्या शेवटी दुकानदाराचा निरोप आला: दोन्हींपैकी एक शनिवारपर्यंत परत पाठवा. निवडीला दोन आठवडे उरले होते. नाना म्हणाले, "परत पाठवण्याआधी जळगावच्या नासीरकडून रेषा ओढून सरळ करून घेतो. पोरीला झाडच पाहिजे असेल तर निदान ताठ झाड देऊ." आता बघा, एवढी माया असलेला माणूस. त्यांनी दुर्बीण मफलरीत गुंडाळली, एरंडोलवरून जाणारी जळगावची एसटी पकडली आणि अकराच्या सुमाराला नासीरच्या दुकानात हजर झाले.

नासीर जमीनमोजणीची यंत्रं, शाळांचे सूक्ष्मदर्शक, दुर्बिणी दुरुस्त करणारा. त्याचे वडील हसीबचाचा मोजणीच्या यंत्रात कोळ्याच्या जाळ्याचा धागा ताणून रेषा बसवत, इतकं बारीक काम त्या घराण्याचं. नानांची आणि त्याची वीस वर्षांची ओळख. अख्ख्या खानदेशात नानांना तोंडावर 'नाही' म्हणणारा हा बहुधा एकटाच माणूस, कारण तो कधी चांदमारीवर गेला नव्हता.

"या नाना, बसा. चहा सांगतो."

"चहा नंतर. आधी ही रेषा ओढून सरळ कर."

नासीरनं दुर्बीण हातात फिरवली आणि हसला. "ओढू काय? ही तार नाही, धागा नाही. काचेवर कोरलेली रेषा आहे. तार वाकते, धागा सैल पडतो. काच वाकत नाही, नाना. फुटते."

"मग कोरतानाच वाकडी कोरली."

"असेल. बघू."

त्यानं दुर्बीण दोन खाचांच्या लाकडी घोडीवर आडवी ठेवली, तोंड समोरच्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीकडे केलं आणि स्वतः डोळा लावला. बराच वेळ बघितलं. चेहऱ्यावर काहीच आलं नाही. मग बाजूला सरकून म्हणाला, "तुम्ही बघा. बाक कुठं आहे ते सांगा."

नानांनी उजवा डोळा लावला, सवयीनं डावा मिटला. "आठच्या काट्यावर. आंधळ्यालाही दिसेल."

"डोळा तसाच राहू द्या. हलू नका." नासीरनं नळी घोडीवरच हळूहळू पाव फेरा फिरवली. नानांच्या डोळ्यासमोर ते झाड कलंडत कलंडत आडवं झालं. "आता बाक कुठं?"

"आठच्या काट्यावर."

"नीट बघा, नाना. बाक नळीत असेल तर नळीबरोबर फिरायला पाहिजे. पाव फेरा दिला मी. आता तो अकराच्या काट्यावर पाहिजे."

नानांनी नीट बघितलं. मघाशी जी रेषा वाकलेली होती ती वर सरकली होती आणि चांगली सरळ दिसत होती. तिच्या जागी दुसरी रेषा आली होती. मघाशी हीच रेषा अगदी ताठ होती, हे नानांना पक्कं आठवत होतं. आता तीच आठच्या काट्यावर येऊन वाकली होती.

"पुन्हा फिरव," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता.

नासीर नळी फिरवत राहिला. रेषा एकेक करून त्या जागी येत, वाकत, आणि पुढं गेल्या की सरळ होत. अठ्ठावीस वर्षं दुर्बिणीत डोळा घालून बसलेल्या माणसाला आणखी कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तरी ते डोळा काढेनात. जरा थांबलं, आणखी एक फेरा दिला, तर कदाचित बाक फिरेल, असं वाटून ते लाकडासारखे वाकून उभे राहिले.

"नाना," नासीर म्हणाला, "आता डावा लावा."

डावा डोळा त्यांनी जन्मात कधी दुर्बिणीला लावला नव्हता. मानसुद्धा नीट बसेना. आणि बसली तेव्हा समोर सगळं झाड उभं होतं, एकूण एक ओळ सरळ, बारीक, सुबक. इतकी सुंदर आखणी आपण अडीच महिने शिव्या घालून घालवली, हा पहिला विचार त्यांच्या मनात आला. माणसाचं मन काय असतं बघा. स्वतःच्या डोळ्याचा विचार त्यानंतर आला.

त्यांनी डावा डोळा तळहातानं झाकला आणि रस्त्याकडे बघितलं. गोदामाशेजारच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. त्याच्या आडव्या पट्ट्या एका जागी येऊन खाली लोंबत होत्या. नासीरच्या चेहऱ्याकडे बघितलं, तर दाढीचा एक कोपरा बोटानं पुसल्यासारखा गायब. हात काढला, सगळं जागच्या जागी आलं. पुन्हा झाकला, पुन्हा गेलं. दोन्ही डोळे उघडे असताना डावा डोळा उजव्याचं पाप गुपचूप झाकून घेत होता, आणि उजव्या एकट्यानं नाना फक्त दुर्बिणीतच बघत.

नानांना भीती वाटली. सरहद्दीवर वाटली नव्हती अशी. त्यांनी मफलर शोधायला सुरुवात केली.

"नासीर, माझा डोळा..."

"चला," नासीरनं भर दुपारी दुकान ओढून घेतलं. "दवाखान्यात चला. आत्ताच्या आत्ता."

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातले, यंत्रांपुढे हनुवटी टेकवायला लावली, दंडात सुई टोचून रंग सोडला आणि फोटो काढले. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी नानांना पडद्याचं चित्र दाखवलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढल्या होत्या, पाझरत होत्या, आणि बरोबर मध्यावर सूज येऊन व्रण धरायला लागला होता.

"डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. उद्याच. आणि मग दर महिन्याला. वाढणं थांबेल असं वाटतं. पण मध्यावरचं जे गेलंय, ते परत येईल असं मी तुम्हाला सांगणार नाही."

"या डोळ्यानं नेम?"

बाईंनी मान हलवली. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "रेषा वाकडी दिसते हे पहिल्यांदा केव्हा लक्षात आलं?"

"डिसेंबरचा दुसरा रविवार."

बाईंचं पेन थांबलं. "अडीच महिने झाले की! तेव्हाच आला असतात तर गोष्ट वेगळी असती, काका. एवढे दिवस कुणाला बोलला नाहीत?"

"बोललो ना. सगळ्यांना बोललो," नाना म्हणाले. "सगळ्यांना दाखवलं. सगळ्यांना वाकडीच दिसली."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "असं कसं होईल? बाक तुमच्या डोळ्यात आहे. दुसऱ्याला कसा दिसेल?"

दुकानात डोळ्याचं कळलं तेव्हा पायाखालची जमीन सरकली होती. आता मात्र उभं राहायला काही उरलंच नाही असं झालं. हेमांगी बघत होती. ज्ञानेश्वर बघत होता. नवल बघत होता. एकदा नाही, दोनदा बघितलं त्यांनी. काय बघत होते मग?

त्या संध्याकाळी त्यांनी हेमांगीला फोन केला. डोळ्याचं सांगितलं, बाकी काहीच बोलले नाहीत. "उद्या जळगावला ये. फुलीची दुर्बीण घेऊन ये. कोणती ठेवायची ते ठरवायचंय," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी इंजेक्शन झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून नाना दवाखान्याच्या खोलीत पडले होते आणि पहिल्या एसटीनं धुळ्याहून आलेल्या त्यांच्या पत्नी वच्छलाबाई उशाशी बसल्या होत्या. त्या आल्यापासून रडत नव्हत्या, अहिराणीत भांडत होत्या.

"अडीच महिना व्हयनात, अन् माले एक शबद सांगं नही?"

"माले वाटनं दुरबीण खराब शे."

"दुरबीण खराब शे, दुकानवाला खराब शे, बठ्ठं जग खराब शे. फक्त तुम्हीच चांगला शेतस!"

नाना गप्प बसले. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि बायकोपुढे ते पहिल्यांदाच गप्प बसत होते, त्यामुळे वच्छलाबाईच घाबरल्या आणि चहा आणायला उठल्या. त्याच वेळी दारात हेमांगी आली. खांद्यावर पिशवी, डोळे सुजलेले. चाळीसगाव ते जळगाव ती गाडीत रडत आली असावी. आत आली आणि पलंगाजवळ उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"हेमांगी," नाना म्हणाले, "डिसेंबरात तू डोळा लावलास. रेषा कशी दिसली?"

हेमांगीनं खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा सारखा केला.

"मी विचारतोय."

"सरळ, नाना."

"दुसऱ्या दुर्बिणीत?"

"सरळ."

"आणि ज्ञानेश्वर?"

"भाऊंना त्या आखणीतलं काही कळतच नाही. तुम्ही म्हणालात म्हणून ते म्हणाले. आणि भाऊंनी उठताना पुढचं झाकण लावलं होतं, नवलनं ते उघडलंच नव्हतं. त्याला नुसता अंधार दिसत होता."

नवलनं अंधारात दोन वाकड्या रेषा बघितल्या होत्या. एरवी नाना यावर पोट धरून हसले असते. आता त्यांना हसू आलं नाही.

"मग तू का हो म्हणालीस? तुला झाड पाहिजे होतं ना? तुझ्या हातातली चांगली वस्तू मी खराब ठरवली, आणि तू हो म्हणालीस?"

"मला वाटलं तुम्हाला दिसतंय म्हणजे काहीतरी असेल. मलाच दिसत नसेल. घरी जाऊन मी स्वतःचे डोळे तपासून घेतले, नाना. माझ्या डोळ्यांत काही निघालं नाही."

नाना उठून बसले. पट्टीच्या आत ठणका लागला होता, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. या पोरीनं रेषा सरळ दिसली म्हणून स्वतःचे डोळे तपासून घेतले! आणि ज्याला वाकडी दिसत होती त्याला डोळे तपासा म्हणायची अख्ख्या क्लबात कुणाची छाती झाली नव्हती. त्यांचा जो डोळा आज गेला होता तो या एका वाक्यानं वाचला असता. रागानं त्यांचं डोकं भणभणलं. तोंडात शिवी आली. पण हेमांगी अजून बोलत होती, आणि एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येत नव्हतं.

"आणखी एक आहे, नाना. मागच्या वर्षीची शेवटची गोळी."

त्या चाचणीत मागे उभं राहून वारा सांगायला एक माणूस ठेवता येत होता. नाना उभे होते. त्यांनी सांगितलं होतं, दोन खुणा डावीकडे. गोळी बाहेर गेली आणि निवड हुकली. परतीच्या वाटेत नानांनीच तिची समजूत घातली होती: घोडा ओढताना बोट झटकलं तुझं, होतं असं कधी.

"बोट झटकलं नव्हतं," हेमांगी म्हणाली. "वारा फिरला होता. दुर्बिणीत गवत उलटं झुकलेलं मला स्वच्छ दिसत होतं. उजवीकडे धरायला पाहिजे होतं. मला माहीत होतं चुकणार ते. तरी मी डावीकडे धरून मारली."

नानांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "माहीत असून?"

"माहीत असून."

"वर्षभराची मेहनत, हेमांगी! एका गोळीवर संघ होता! का?"

"तुम्ही मागे उभे होतात."

वच्छलाबाई चहाचे कप घेऊन दारातच थबकल्या होत्या. नानांनी आयुष्यात शेकडो पोरांच्या मागे उभं राहून वारा सांगितला होता. त्यातल्या किती जणांनी गवत उलटं झुकलेलं बघून मुकाट गोळी वाया घालवली असेल, याचा हिशेब त्यांना लागेना. शिकवायचं काय होतं तर बघायला. आणि आपण यांना काय शिकवलं? त्यांना ओरडावंसं वाटत होतं, आणि रडावंसंही वाटत होतं. दोन्हीपैकी काहीच झालं नाही.

शेवटी ते म्हणाले, "त्या दोन्ही दुर्बिणी खिडकीत ठेव."

तिनं पिशवीतून फुली काढली, मफलरीतून झाड काढलं आणि दोन्ही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवल्या. मग वळून नानांकडे बघितलं. नाना कोणत्या दुर्बिणीकडे बघतात, हे बघितलं. एका डोळ्यानंही नानांना ते दिसलं.

"कोणती ठेवू, नाना?"

पलंगाची कड धरून नाना उठले. चप्पल सापडेना, तशीच अनवाणी पावलं टाकत दाराकडे निघाले. एका डोळ्यानं अंतर कळत नव्हतं, दाराच्या चौकटीला खांदा आपटला. हेमांगी धरायला धावली, त्यांनी हात झिडकारला.

"कोठे चालनात?" वच्छलाबाई ओरडल्या.

"बाहेर. तूपन चाल."

त्यांनी वच्छलाबाईंना दंडाला धरून बाहेर घेतलं आणि खोलीचं दार आपल्या हातानं ओढून लावलं. बाहेर बाकावर बसले. समोरून नर्स गेली, एक म्हातारा काठी टेकत गेला. वच्छलाबाईंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला, तो त्यांनी घेतला आणि तसाच धरून बसले. आतून काही आवाज येत नव्हता. त्यांना आत जाऊन सांगावंसं वाटत होतं, की खिडकीतून पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर धर, उजेड मागून घे, घाई करू नको. दोनदा ते अर्धे उठले आणि दोनदा बसले.

खूप वेळानं दार उघडलं. हेमांगी पिशवी खांद्याला लावून बाहेर आली. एक दुर्बीण पिशवीत होती आणि एक परत पाठवायची म्हणून मफलरीत गुंडाळलेली हातात होती. कोणती कुठली, ते गुंडाळलेल्या नळीवरून ओळखू येत नव्हतं.

"ठरवलं, नाना," ती म्हणाली, आणि ते विचारतील म्हणून थांबली.

कोणती, हा शब्द नानांच्या ओठांवर आला होता. त्यांनी थंड झालेल्या चहाचा घोट घेतला.

"तुझी गाडी चुकेल," ते म्हणाले. "नीघ."